पायांना पाय फुटले

गोष्ट लिहायला घेतली तेव्हा तिच्यात चांगला रीतसर खून होता. बाहुल्यांच्या थिएटरच्या मागची खोली, मोठा पेटारा, पेटाऱ्यात राजा बाहुला मरून पडलेला, सगळे दोरे कापलेले, आणि बाकीच्या बाहुल्या एकमेकींकडे संशयाने बघतायत. मला वाटलं झालंच की काम, विनोद आहे, फॅन्टसी आहे, रहस्य पण आहे, आता फक्त टाईप करायचं. चार दिवसांत अकरा पानं झाली आणि बाराव्या पानावर जी अडकले ती दीड महिना तिथेच.

अडकले कारण दादा. आमचा दादा रहस्यकथा वाचतो म्हणजे दुसऱ्या पानावर खुनी कोण ते सांगतो आणि मग पुढची कथा फक्त आपलं बरोबर आलं का हे बघायला वाचतो, त्यामुळे त्याला वाचायला देणं म्हणजे स्वतःहून मार खायला जाणं, पण दुसरं कोणी वाचत पण नाही. त्याने अकरा पानं वाचली आणि विचारलं, "बाहुला मेला म्हणजे नक्की काय झालं गं त्याचं?"

"दोरे कापले."

"मग नवीन बांधतील."

झालं! अकरा पानं गेली. कारण खरंच आहे ना, बाहुल्या तर रोजच मरतात. इंग्लंडातला तो पंच घ्या, लांब नाकाचा, कुबडा, हातात सोटा. सॅम्युअल पीप्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने ९ मे १६६२ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन माणसाचा बाहुल्यांचा खेळ बघितल्याचं डायरीत लिहून ठेवलंय आणि पंचची मंडळी तीच त्याची जन्मतारीख मानतात. तो खेळात एकेकाला सोट्याने झोडपतो, फाशी द्यायला आलेल्यालाच फासावर लटकवतो, आणि पुढच्या खेळाला सगळे मेलेले परत हजर. असल्या जगात खून म्हणजे गुन्हा नाही, तो ड्युटीचा भाग. बाहुलीला मरणाची भीतीच नसेल तर वाचणाऱ्याला तरी का वाटेल.

मग दुसरा ड्राफ्ट. यात मी डोकं लावलं (असं मला वाटलं). डिटेक्टिव्ह स्वतः बाहुला, आणि त्याला हलवणारा माणूसच गुन्हेगार. म्हणजे पुरावा डावीकडे पडलाय आणि हा बिचारा तिकडे बघायला जातो तर मानच वळत नाही, कारण मान ज्याच्या हातात आहे त्याला ती वळवायची नाहीये. लिहिताना मी एकटीच हसत होते. दादा दुसऱ्या पानावर म्हणाला, "हलवणारा." आणि चहा प्यायला उठून गेला. बरोबरच आहे, डिटेक्टिव्हची मान वळत नाही म्हटल्यावर मान कोणाच्या हातात आहे हे शेंबडं पोर पण सांगेल. एकाच विनोदावर अख्खं रहस्य उभं केलं की विनोद कळला त्या क्षणी रहस्य पण कळतं, हे मला तेव्हा समजलं नव्हतं, नुसता राग आला होता.

रागात मी एक बाहुली केली. पुठ्ठा, थर्माकोलचा गोळा, जाड शिवणाचा दोरा आणि दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या बांधून वरची फुली, दोरे बांधायला. व्हिडिओत दहा मिनिटांत होते, मला दोन दिवस लागले आणि त्यातला एक दिवस फक्त गुंता सोडवण्यात. डोकं हललं, हात हलले, नमस्कार तर फारच छान जमला. चालणं मात्र काही केल्या जमेना. हात जरा वर राहिला की बाई जमिनीच्या वर चार बोटं तरंगत चालल्यात, जरा खाली आला की गुडघ्यात बसल्यात, जणू कोणीतरी वाईट बातमी सांगितलीये. मधली ती नेमकी उंची, जिथे पाऊल टेकतं आणि वजन आहे असं वाटतं, ती मला सापडलीच नाही. आणि तरंगत चालणाऱ्या बाहुलीकडे बघताना पहिल्यांदा वाटलं की हिचं सगळं दुखणं पायात आहे. तोपर्यंत मी बाहुल्यांबद्दल लिहीत होते आणि एकदाही त्यांच्या पायाकडे बघितलं नव्हतं.

मग वाचायला लागले पायांबद्दल. इतकं गमतीचं निघालं की दोन आठवडे गोष्ट बाजूलाच राहिली. राजस्थानच्या कठपुतळ्यांना बहुतेक वेळा पायच नसतात, खाली लांब घागरा, तोच गोल फिरतो, तेच चालणं. हातमोज्यासारख्या बाहुल्यांना कमरेखाली कोणाचं तरी मनगट. व्हिएतनामच्या पाण्यातल्या बाहुल्या पाण्यावर नाचतात, नाचवणारे पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे, लांब बांबू पाण्याखालून गेलेले, त्यामुळे खाली काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसतच नाही.

आणि मग जपानचं बुनराकु, म्हणजे तिथलं बाहुल्यांचं नाटक. इथे मी खुर्चीत सरळ बसले.

बुनराकुत मुख्य बाहुलीला तीन माणसं लागतात. एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. मुख्य माणसाचा चेहरा बऱ्याचदा उघडा असतो, बाकीचे दोघे डोक्यापासून काळ्या कपड्यात, तोंडावर काळा पडदा, म्हणजे ते आहेत पण नाहीत. शिकायची पद्धत अशी की दहा वर्षं पाय, मग दहा वर्षं डावा हात, आणि मग कुठे डोकं हातात येणार, असं परंपरेने सांगतात. वीस वर्षं, विचार करा. आपल्याकडे लोक वीस दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करतात.

पण मला पकडलं ते पुढच्या गोष्टीने. तिथल्या बायकांच्या बाहुल्यांना साधारणपणे पाय नसतातच. पुरुष बाहुल्यांना लाकडी पाय, टाचेमागे धरायला आकडा. बाईला नुसता किमोनोचा घोळ. पायवाला माणूस खाली वाकून, त्या घोळाच्या आत मुठी घालून, पाऊल पडल्याचा, गुडघा टेकल्याचा भास तयार करतो. म्हणजे एक पोरगा दहा वर्षं नसलेले पाय चालवतो! मी हे वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

अपवाद एक आहे आणि तोच मला हवा होता. चिकामात्सु मोन्झाएमोन या जपानी नाटककाराचं १७०३ सालचं सोनेझाकीचं प्रेमाचं नाटक, ओसाकात खरंच घडलेल्या दोन जीवांच्या आत्महत्येवर लगेच त्याच वर्षी लिहिलेलं. त्यात नायक ओसरीखाली लपलाय आणि नायिका वर बसलीये, उघड बोलायची सोय नाही, तर ती पायानेच विचारते की मरायची तयारी आहे का, आणि तो तिचं पाऊल आपल्या गळ्यावर फिरवून हो म्हणतो. या प्रसंगासाठी त्या बाहुलीला पाऊल देतात. फक्त यासाठी.

आता सांगा, त्याच पेटाऱ्यात पडलेल्या बाकीच्या बायकांना काय वाटत असेल?

त्या रात्री खून रद्द. सामुराई बाहुल्याचे पाय चोरीला गेले. आणि "चोरीला गेले" असं टाईप करताना मला हसूच फुटलं कारण आपल्या भाषेत वस्तू गायब झाली की आपण काय म्हणतो? पाय फुटले. चष्म्याला पाय फुटले, पेनाला पाय फुटले. इथे तर पायांनाच पाय फुटले होते. शीर्षक आधी मिळालं, कथा नंतर. असं माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं आणि पुढे होईल असं पण वाटत नाही.

पण फॅन्टसी म्हटल्यावर बाहुल्यांना जीव कितपत द्यायचा हा घोळ होताच. आधी माझ्या बाहुल्या रात्री उठून मनसोक्त हिंडत होत्या आणि तिथेच सगळं बोंबलत होतं, कारण ज्याला काहीही करता येतं त्याच्यावर संशय घ्यायला कोडं उरतच नाही. म्हणून नियम कडक केला. रात्री बाहुल्या बोलू शकतात, विचार करू शकतात, रुसू शकतात, पण माणसाचा हात लागल्याशिवाय बोट सुद्धा हलत नाही. एवढा एक नियम केला आणि कथा आपोआप विनोदी व्हायला लागली, मी वेगळे जोक घालायचे बंदच केले.

डिटेक्टिव्ह ठरला हातमोजा बाहुला, नाव मोजेराव. त्याला हलायला हात हवा, तर रात्री हात कोणाचा, वॉचमनचा. म्हातारा वॉचमन वेळ जावा म्हणून त्याला हातात घालून बसतो, आणि मोजेरावांचा तपास वॉचमनला डुलकी लागेपर्यंतच चालतो. "मला आता गुन्हेगाराचं नाव कळलेलं आहे, ते नाव म्हणजे" आणि धपकन तोंडावर. शिवाय प्रत्येक तपासाची सुरुवात तो एकाच वाक्याने करतो, "या प्रकरणात कोणाचा तरी हात आहे." बाकीच्या बाहुल्या म्हणतात, "तुमच्यात पण आहे."

सुतावरून स्वर्ग गाठणं हे पण त्यालाच दिलं. त्याला स्वतःला सूत नाही म्हणून दोरीवाल्या बाहुल्यांबद्दल मनात जरा आकस. ओघात सूत्रधार या शब्दावर एक पानभर भाषण पण दिलं होतं, रिचर्ड पिशेल नावाच्या जर्मन संस्कृत अभ्यासकाने या शब्दावरून संस्कृत नाटकाचं मूळ बाहुल्यांच्या खेळात असल्याचा तर्क मांडला होता, सगळ्या अभ्यासकांना तो पटला नाही, वगैरे वगैरे. दादाने त्या पानावर पेनाने "झोप" असं लिहिलं. पान काढलं. इथे लिहून टाकलं, बरं वाटलं.

साक्षीदारांचं काम सगळ्यात मजेचं होतं, इथे मी सगळ्यात जास्त दिवस घालवले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. पेटारे सगळ्या देशांतल्या बाहुल्यांचे, एका महोत्सवासाठी एकाच गोदामात ठेवलेले, म्हणजे कोणालाही बोलावता येत होतं. पहिला पंच. तो बोलतो ते तोंडात टाळूला लावलेल्या छोट्या शिट्टीतून, पिपाणीसारखा आवाज, आणि ही शिट्टी दोनदा गिळल्याशिवाय माणूस पक्का पंचवाला होत नाही असं ते लोक गमतीने म्हणतात. कठपुतळीवाले पण तसंच बोली नावाचं वाद्य तोंडात धरून बोलतात. ते बोलणं कळत नाही म्हणून बाजूला एक माणूस तेच वाक्य साध्या भाषेत परत म्हणतो. मला तर आयता दुभाषा मिळाला. पंच शिट्टीत अर्धा तास साक्ष देतो आणि दुभाषा सांगतो, "नाही म्हणतायत."

दुसरा चामड्याचा बाहुला, केरळच्या तोलपावकूत्तू नावाच्या सावल्यांच्या खेळातला. याच्यावर माझा जीव आहे. तिथे हा खेळ देवळाच्या आवारात खास बांधलेल्या मंचावर रात्रभर चालतो, पडद्यामागे नारळाच्या अर्ध्या कवडीत २१ दिवे, तमिळ कंबरामायणाची कथा, आणि प्रेक्षक म्हणजे भद्रकाली. कारण ती दारिक नावाच्या असुराशी लढत होती म्हणून तिचं राम-रावण युद्ध बघायचं राहून गेलं, असं सांगतात. पुष्कळदा समोर माणूस एकही नसतो तरी खेळ पूर्ण होतो. तर मोजेराव विचारतो,

"चोरी झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी रात्रभर खेळात होतो."

"कोणी पाहिलं?"

"देवीने."

"अजून कोणी?"

"अजून कोणी कशाला लागतं?"

एवढा भक्कम आणि एवढा निरुपयोगी पुरावा मला सुचून सुचला नसता, तो त्या परंपरेतच होता. आणि याच बाहुल्याने, पडद्यावर सपाट असल्यामुळे एकाच बाजूने, एक गोष्ट बघितलेली असते. मध्यरात्री एक बाई चालत गेली. मान छातीवर पडलेली, दोन्ही हात नुसते लोंबकळत, पण पावलं मात्र अगदी ठाम, ठक ठक ठक.

सगळे पेटारे एकदम, "भूत!"

हाच माझा मुख्य पुरावा होता आणि तो मी सगळ्यांच्या समोर, कथेच्या बरोबर मध्यावर ठेवला, वर भुताचा गोंगाट टाकला. मान पडलेली, हात पडलेले, फक्त पाय जिवंत. ज्याने बुनराकुच्या तीन माणसांबद्दल आधीच्या पानावर वाचलंय त्याला कळायला हवं की डोकंवाला नव्हता, डावा हातवाला नव्हता, फक्त पायवाला होता. पण भूत म्हटलं की माणूस मोजत नाही. गोदामातल्या पावडरीत पावलांचे ठसे पण सापडतात, ते सामुराईच्याच पायांचे, म्हणून मोजेराव तीन तास या निष्कर्षावर असतो की सामुराई स्वतःला सोडून निघून गेला. आणि ठसे आहेत म्हणजे बिनपायाच्या सगळ्या बायका निर्दोष, हे तो पहिल्याच तासात जाहीर करून टाकतो. टाळ्या पण घेतो.

इथे एक चूक झाली ती सांगते. जपानी चित्रांत भुतांना पाय दाखवत नाहीत बऱ्याचदा, आणि आपल्याकडे भुताचे पाय उलटे. मला वाटलं काय सुंदर भांडण होईल, एक म्हणणार भुताला पाय नसतात म्हणून हे भूत नाही, दुसरी म्हणणार असतात पण उलटे असतात, जरा ठसे नीट बघा. मग मी ठसे पण उलटे केले, पायवाल्या पोराने अंधारात पाय उलटे धरले म्हणून, म्हणजे जाणारे ठसे येणारे वाटतात. पाच पानं. अतिशय हुशार पाच पानं! वाचून दादा म्हणाला, "दोन चोर आहेत का?" कारण त्या ठशांचं उत्तर वेगळं आणि पडलेल्या मानेचं उत्तर वेगळं, वाचणारा दोन गुन्हे शोधत बसला. ठसे सरळ केले. भांडण ठेवलं, चार ओळींचं. त्या पाच पानांची फाईल अजून आहे, उघडत नाही.

गुन्हेगार तोवर मला माहीत होती, पण तिचा कबुलीजबाब लिहिता येईना. कारण बुनराकुची बाहुली बोलतच नाही. तिचं, त्याचं, म्हातारीचं, पोराचं, सगळं बोलणं बाजूला बसलेला एकच कथेकरी म्हणतो, शेजारी शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारा. मग माझ्या नियमाप्रमाणे ती रात्रभर गप्पच राहणार, बाकीचे तिला काय वाट्टेल ते विचारू देत. आधी मला हे संकट वाटलं. मग एक दिवस भांडी घासताना (खरंच) आपलं ते "बोलविता धनी वेगळाच" डोक्यात आलं आणि शेवट उलगडला. सकाळी तालीम. कथेकरी येतो, बसतो, पोथी कपाळाला लावतो, तसं ते खरंच करतात, आणि तोंड उघडतो तर नाटकाच्या वाक्याऐवजी मोजेरावाचा प्रश्न बाहेर पडतो. आणि मग त्याच तोंडातून, बाईच्या आवाजात, उत्तर. तोच विचारतोय, तोच दरडावतोय, तोच लाजतोय, आणि त्याला स्वतःला काही कळत नाहीये की आपण आज हे काय म्हणतोय. शामिसेनवाला मात्र शांतपणे साथ देत राहतो.

तिचं उत्तर पहिल्यांदा मी दीड पान लिहिलं होतं. सोनेझाकीवालीला पाऊल मिळालं, आम्हाला का नाही, इतकी वर्षं घोळात मुठी, माझ्या पावलाचा आवाज मला कधी ऐकूच आला नाही, असं बरंच. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी वाचलं तर भाषण स्पर्धेचं वाटलं. एकेक वाक्य काढत गेले, काढत गेले, आणि शेवटी एवढंच राहिलं.

"कुठे गेली होतीस पाय घेऊन?"

"कुठे नाही. जरा पाय मोकळे करून आले."

तिथे कथा संपत होती. मी खूश होते. दादाला दिली, तो या वेळी दुसऱ्या पानावर काही बोलला नाही, भुताच्या पानावर "सामुराई खोटं बोलतोय" म्हणाला आणि मी तोंड दुसरीकडे करून बसले. शेवट वाचून परत मागे गेला, मान पडलेलं पान काढलं, परत वाचलं. मला वाटलं आता शाबासकी.

"आणि त्या पोराचं काय झालं?"

"कुठल्या?"

"अगं, पायवाल्या. त्याने नेलं ना तिला रात्री. त्याची नोकरी राहिली का?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. अख्ख्या कथेत तो काळ्या कपड्यात होता आणि मी पण त्याला इतर सगळ्यांसारखंच, नाहीच असं धरलं होतं. रात्री बसून खाली एक ओळ वाढवली, की सामुराईचे पाय जागच्या जागी परत आले, तक्रार कोणी केली नाही, आणि पोरगा अजून पायांवरच आहे, आठ वर्षं बाकी.